नाल्याचं पाणी दर रविवारी तपासतोय पण टीडीएस पेन सगळं ठीक दाखवतं, मग मोजायचं तरी काय?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव गिरणेच्या काठी, भडगाव-पाचोरा पट्ट्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण विषय आमच्या वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या गावाच्या सांडपाण्याचा आहे आणि मला भांडण नकोय, उत्तर हवंय. शिवारातून एक नाला जातो आणि खाली गिरणेला मिळतो. म्हातारी माणसं त्याला अजून नदीच म्हणतात. माझी आजी त्यात गोधड्या धुवायची, श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला अख्खी गल्ली वाजतगाजत तिथेच जायची. आता कानबाई ट्रॅक्टरमध्ये बसवून चार किलोमीटर लांबच्या बंधाऱ्यावर न्यावी लागते, कारण दोन वर्षांपूर्वी पाण्यात उतरलेल्या बायांच्या पायांना आठ आठ दिवस खाज सुटली होती.

यंदा मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटर बघायला गेलो तर नाला जिथे गिरणेला मिळतो तिथल्या डोहात मासळी पांढरी पोटं वर करून पडलेली, काठाला झिंग्यांचा थर, आणि वास असा की रुमाल नाकाला लावूनही उभं राहवेना. मरळ आणि मांगूर तेवढे जिवंत होते, सारखे वर येऊन तोंड उघडत होते. मी पन्नाशीला आलो, एवढी मासळी एका वेळी मेलेली कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर आम्ही सात जण जमलो. एक रिटायर गुरुजी, आमच्या आशाताई, मेडिकलवाला मित्र, माझी बीएस्सीला असलेली पुतणी, तिच्या कॉलेजची दोन पोरं आणि मी. टीडीएस पेन (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं) आणि पीएचच्या पट्ट्या मागवल्या, दर रविवारी सकाळी दहाला तीन ठिकाणी मोजतो आणि वहीत लिहितो. चार महिने झाले, एक रविवार चुकवला नाही, कपाशी वेचणीच्या दिवसांत सुद्धा नाही.

आणि आकडे काय येतात? टीडीएस ६१० ते ६८०, पीएच साडेसातच्या आसपास. शाळेच्या बोअरला मोजलं तर ११४०. म्हणजे पेनाच्या हिशोबाने तो काळा नाला आमच्या शाळेच्या बोअरपेक्षा चांगला. वही घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो, तिथल्या साहेबांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, अहो दुसरी सोय नसेल तर पिण्याच्या पाण्याला सुद्धा २००० पर्यंत चालतं, तुमचं तर सातशेच्या आत आहे, तक्रार कसली? आमच्याकडे उत्तर नव्हतं. परत येताना बसमध्ये गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, वही मांडीवर उलटी ठेवून खिडकीबाहेर बघत होते, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तर जाणकारांनी सांगा, आम्ही काय मोजावं, कुठे आणि किती वाजता मोजावं, आणि लिहून कसं ठेवावं म्हणजे पुढचा माणूस पान उलटून परत देणार नाही. वर्गणीचे साडेचार हजार शिल्लक आहेत.

---

केमिस्ट्रीवाली

दादा, आधी गुरुजींना सांगा की चार महिने न चुकता लिहिलेली वही वाया गेलेली नाही, तिचा उपयोग आहे, पुढे सांगते. मी जळगावला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि दरवर्षी पोरांना घेऊन ओढ्या-नाल्यांवर जाते.

पेन बरोबरच सांगतंय, पण ते फक्त विरघळलेले क्षार सांगतं. खरं तर ते पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज छापतं. आपल्याकडे बोअरचं पाणी काळ्या खडकातून मुरत मुरत येतं, त्यात क्षार जास्त असणारच. मैला, साबण, कुजकं अन्न, जंतू यातलं जवळजवळ काहीच पेनाला दिसत नाही. पेनाचा तुम्हाला एकच खरा फायदा, एखाद्या रविवारी आकडा अचानक दीडपट झाला तर वरून काहीतरी वेगळं सोडलंय एवढं कळेल, आणि त्यासाठी तुमचे चार महिन्यांचे ६१० ते ६८० हे आकडे लागतीलच.

आणि त्या साहेबांचं २००० म्हणजे आयएस १०५०० मधली ओळ, पिण्याच्या पाण्याचं मानक. त्यातच पुढे लिहिलंय की १०० मिलीमध्ये ई-कोलाय एकही असता कामा नये, आणि नायट्रेट ४५ च्या वर नको. एक ओळ वाचून बाकीचा कागद मिटवता येत नाही. शिवाय नाल्याला पिण्याचं मानक लावायचंच कशाला? नदी-नाल्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वर्ग ठरलेले आहेत. आंघोळीच्या पाण्याला विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी, म्हणजे घाण कुजताना जेवढा ऑक्सिजन खाते त्याचं माप, ३ किंवा कमी. मासे जगायला डीओ निदान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ च्या आत. यात टीडीएसचं नावसुद्धा नाही.

आता तुम्ही एक गोष्ट लिहिलीय ती माझ्या मते चार महिन्यांच्या आकड्यांपेक्षा मोठी आहे. मरळ आणि मांगूर वाचले. हे दोन्ही मासे वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतात, बाकीच्या मासळीला आणि झिंग्यांना पाण्यातल्या ऑक्सिजनवरच जगावं लागतं. कोणी विष सोडलं असतं तर बहुतेक मरळ पण गेली असती. पहिल्या पावसाने गटारात आणि नाल्याच्या तळाशी वर्षभर बसलेला गाळ एकदम उसळतो, त्यातली घाण कुजताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकते आणि एका रात्रीत डोह गुदमरतो. त्या दिवशी तुमच्याकडे डीओचा आकडा असता तर साहेबांना पान उलटता आलं नसतं.

तेव्हा पैसे डीओच्या किटवर घाला. मीटर महाग पडतो आणि त्याची निगा राखावी लागते, तुम्ही विंकलर पद्धतीचं थेंब मोजायचं किट घ्या, वर्गणीत बसेल. करायचं कसं ते लिहिते. काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, राहिला तर ओतून परत भरायची. लगेच तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि नंतर अल्कली-आयोडाइड घालायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर विटकरी-तपकिरी साका तयार होतो, दुधात गूळ पडून फाटावं तसा. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. हे बघायला शिक्षण लागत नाही, शेतात निंदणी करणाऱ्या मावशीलाही दुरून कळतं. मग ॲसिड घालून तो साका विरघळवायचा, पिवळं पाणी होतं, त्यात थायोसल्फेट थेंब थेंब सोडत जायचं, शेवटी स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत. थेंबांवरून आकडा. ॲसिड आहे, हातमोजे आणि चष्मा घाला, लहान पोरांच्या हातात देऊ नका, आणि उरलेलं रसायन नाल्यात ओतू नका, डब्यात भरून कॉलेजच्या लॅबला द्या.

वेळ मात्र बदला. सकाळी दहा ही सगळ्यात फसवी वेळ. पाण्यात शेवाळ असेल तर ऊन पडलं की ते ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. म्हणून दुपारी आकडा सगळ्यात चांगला आणि उजाडायच्या आधी सगळ्यात वाईट. मासे पहाटे मरतात. महिन्यातून एकदा तरी त्याच जागी पहाटे आणि दुपारी असं दोनदा मोजा, आणि पाण्याचं तापमान लिहाच, कारण ३० अंशाच्या पाण्यात मुळात साडेसातच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, २० अंशाला नऊच्या आसपास. तापमान न लिहिता नुसता डीओ लिहिला तर तो आकडा अर्धा मुका.

जागा तीनच ठेवा पण त्यातली एक त्या मोठ्या गावाच्या वर पाहिजे, जिथे गटार अजून मिळालेलं नाही. ती नसेल तर समोरचा म्हणणार की नाला मुळातच असा आहे.

---

तापीथडी

भाऊ, आमना गावमाबी हाईच शे. नदीमा पानी नही, बठ्ठं गटारनंच पानी शे. तुम्ही लिखत ऱ्हा, आम्ही वाची राहिनूत.

---

कपाशीवाला

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

माझं वावर अशाच एका नाल्याला लागून आहे. उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळ गाठतात आणि तेव्हा हेच काळं पाणी मोटर टाकून मक्याला आणि चाऱ्याला देतो. २०१८ च्या दुष्काळात माझ्या चार म्हशी या चाऱ्यावर जगल्या, नाहीतर बाजार दाखवावा लागला असता. आता कोणी वही घेऊन फिरायला लागलं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण वरचं गटार कोणी बंद करत नाही आणि पहिला बडगा आमच्या मोटारींवर येतो. आमच्याकडे एकदा असंच झालं, तक्रार झाली, पाहणी झाली, आणि गटार होतं तिथेच राहिलं पण काठावरच्या नऊ मोटारी उचलून नेल्या. तुम्ही चांगल्या मनाने करताय ते दिसतंय, पण काठावरच्या शेतकऱ्याला न विचारता करू नका.

आणि हे पण सांगतो की मला ते पाणी आवडतंय असं नाही. पाईप बदलताना हात बुडतात, माझ्या पोराच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुळ्या उठल्या होत्या. पण वावर कोरडं ठेवून कसं भागेल?

---

गिरणाकाठ

कपाशीवाले भाऊ, राग कसला. खरं सांगतो, हा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता, आमच्या सातांपैकी एकाचंही वावर नाल्याला लागून नाही. नाल्याकाठी आमच्या गावच्या अकरा मोटारी आहेत. उद्याच एकेकाच्या घरी जातो.

---

केमिस्ट्रीवाली

कपाशीवाले भाऊंनी सगळ्यात महत्त्वाचं लिहिलं. त्यांच्यासाठी पण आकडे आहेत. सिंचनाच्या वर्गात पाण्याची चालकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते, २२५० पर्यंत चालते आणि पीएच ६ ते ८.५. तुमचा नाला ६५० टीडीएसचा म्हणजे चालकता साधारण हजारच्या आसपास, क्षारांच्या बाबतीत कपाशी-मक्याला अडचण नाही. तेच पेन इथे शेतकऱ्याच्या बाजूने बोलतं बघा. अडचण जंतूंची आहे. म्हणून कोथिंबीर, मेथी, मुळा, कांद्याची पात, म्हणजे जे आपण कच्चं खातो ते या पाण्यावर घेऊ नका, आणि पाईप बदलताना रबरी हातमोजे आणि गमबूट घालाच, हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका.

आणि दादा, तुम्हाला पहाटे मोजायला माणूस लागणार ना? शेतीला रात्रीची लाईट आली की पहाटे चारला नाल्यावर कोण उभं असतं? मोटरवालाच. बाटली भरून दोन औषधं घालून साका बसवून ठेवणं एवढं त्यांनी केलं तर पुढचं थेंबांचं काम तुम्ही थोड्या वेळाने केलं तरी चालतं, बाटली फक्त सावलीत बूच लावून ठेवायची.

---

जुना पाटकरी

मी साक्रीकडचा. आमच्या पांझरेवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घ्यायची रीत होती, काही बंधाऱ्यांवर अजून आहे. माझे वडील पाटकरी होते, कोणाच्या फडात किती वेळ पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात, आणि भांडण नको म्हणून ते पाणी डोळ्याने नाही तर मोजून देत. तेवढ्या अनुभवावर सांगतो की तुमच्या वहीत सगळ्यात मोठी गोष्ट राहून गेली आहे. पाणी घाण किती हे तुम्ही मोजताय, पण पाणी किती हे कुठे लिहिलंय?

लिंबू घ्या. सरळ वाहणारा १० मीटरचा तुकडा दोरीने मोजा, वर लिंबू सोडा आणि खालच्या दोरीला कधी पोचतं ते घड्याळात बघा. तीनदा करा, सरासरी काढा. लिंबू बरंचसं बुडून चालतं म्हणून वारा त्याला ढकलत नाही, थर्माकोल वापरू नका. मग रुंदी मोजा, काठीने पाच-सहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, आणि वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणा. झाला प्रवाह.

याचे दोन उपयोग. गिरणा धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी सुटलं की नदीचा डोह भरतो, नाल्याच्या तोंडाशी पाणी फुगून मागे सरकतं, आणि त्या दिवशी तुमचे सगळे आकडे चांगले येतात. प्रवाह लिहिलेला नसेल तर समोरचा नेमका तोच दिवस दाखवून म्हणेल की बघा सुधारलं. आवर्तनाची तारीख वहीत लाल पेनाने लिहित जा.

दुसरं, ओढ्याचं पाणी आणि गटाराचं पाणी यांची चाल वेगळी असते. ओढ्याचा झरा दिवसभर सारखा वाहतो, गटार नळाच्या वेळापत्रकावर चालतं. वरच्या गावाला नळ किती दिवसाआड येतो ते विचारा. नळ आला की बाया धुणं काढतात, टाक्या भरतात, अंगणं धुतात, आणि दोन-चार तासांनी तुमचा नाला चढतो. नळाच्या दिवशी आणि बिननळाच्या दिवशी एकाच जागी दर तासाला लिंबू सोडा. नाला नळाबरोबर चढताना दिसला तर पाणी कुठून येतंय हे सांगायला लॅब लागणार नाही.

---

अर्जवाला

पाटकरी बाबा, दंडवत. मी नदीच्या तक्रारींचे अर्ज बरेच केलेत, त्यात ठेच लागून शिकलो ते सांगतो.

तुमचं सॅम्पल कायद्याने पुरावा धरलं जात नाही. १९७४ चा पाणी प्रदूषण कायदा आहे त्याच्या कलम २१ मध्ये सॅम्पल कसं घ्यायचं ते लिहिलंय, ते राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून घ्यायचं असतं. हे माहीत नसताना मी एका खासगी लॅबला भरपूर पैसे देऊन रिपोर्ट काढला आणि तो कोणी हातात धरला नाही. तेव्हा तुमच्या वहीने दोषी ठरवायला जाऊ नका, तुमच्या वहीने अधिकाऱ्याला बरोबर दिवशी बरोबर जागी आणा. अर्जात लिहा की अमुक पुलाखाली पहाटे पाच ते सहा या वेळात एवढे आठवडे डीओ इतका आला आहे, तरी आपण याच वेळी याच ठिकाणी अधिकृत सॅम्पल घ्यावं. वेळ लिहिली नाही तर गाडी दुपारी दोनला येते.

अर्ज टपालाने नाही, हातोहात द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारीख दोन्ही. महिन्याने माहिती अधिकारात त्याच अर्जावर काय झालं ते विचारा. मंडळाने काहीच केलं नाही तर कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक कोर्टात जाऊ शकतो, आणि हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्याला आहे, पण तो शेवटचा रस्ता, पहिल्या महिन्यात त्याची भाषा करू नका, माणसं बंद होतात.

आणि एक मुद्दा अर्जात टाकाच. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, ३५१ पट्टे, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात. त्या यादीत गिरणा आहे. तापी, पांझरा, वाघूर, बोरी, तितूर, गोमाई, रंगावली पण आहेत, आपल्या खानदेशातली फारशी नदी सुटलेली नाही. ती यादी बीओडीवर केलीय, ३ च्या वर गेलं की नाव लागतं. म्हणजे गिरणा घाण आहे हे सरकारी कागदानेच म्हटलंय, तुम्ही फक्त तिच्यात घाण कुठल्या तोंडातून येते ते दाखवताय. अशा सुरात लिहिलं की समोरच्यालाही तो अर्ज फाईलला लावायला सोपा जातो.

फोटो काढताना तारीख आणि ठिकाण उमटेल असा कॅमेरा वापरा, आणि दर वेळी त्याच दगडावर उभं राहून काढा.

---

पाणीवाली ताई

सगळे नाल्यावर बोलताय, मला नाल्याकाठच्या हापशांची आणि विहिरींची काळजी वाटते.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, मी आमच्या गावातल्या पाचांतली एक. तुमच्या आशाताईंना विचारा, तुमच्या गावचं किट ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असेल. त्यात जंतूंची तपासणी करायच्या छोट्या बाटल्या असतात, पाणी भरायचं, बूच लावायचं आणि घरातच उबदार जागी ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. ती बाटली नाल्याच्या पाण्यावर वाया घालवू नका, नाल्याची काळी होणारच. नाल्यापासून पन्नास पावलांवरच्या हापशावर लावा.

आम्ही लावली. सात हापशांपैकी दोन काळ्या झाल्या. त्यातली एक अंगणवाडीसमोरची. मी ती बाटली ओट्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली तेव्हा पाणी काजळीसारखं, आणि त्याच हापशाचं पाणी आदल्या दिवशी मी स्वतः प्यायले होते, गोड लागतं म्हणून. चवीवर काही कळत नाही हो. नंतर जलसुरक्षक दादाला घेऊन सॅम्पल सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं, तोपर्यंत अंगणवाडीला घरून उकळून गार केलेलं पाणी नेत होतो. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली तरी रोज नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी करून पिवळा रंग येतो का ते बघत जा, रंग आला नाही तर क्लोरीन वाटेतच संपलंय.

बायकांना नाल्याचा डीओ सांगितला तर एक कान देतात, हापशाची काळी बाटली दाखवली की दुसऱ्या दिवशी वीस जणी मीटिंगला येतात.

---

गिरणाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मध्ये मुद्दाम लिहिलं नाही, हातात काहीतरी घेऊन मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी मोटरवाल्यांकडे गेलो. अकरापैकी आठ जण बोलले, तीन जणांनी चहा पाजला पण विषय काढू दिला नाही. आठांना गुरुजींनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं की आमची मागणी गटार शुद्ध करून सोडा एवढीच आहे, पाणी उचलण्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही, खाली आम्हा सातांच्या सह्या. त्या पानाचा फोटो काढून त्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये ठेवलाय. कपाशीवाले भाऊ, हे तुमच्यामुळे झालं.

किट आलं. पुतणीने घरी आधी हापशाच्या पाण्यावर चार वेळा करून बघितलं, तिसऱ्यांदा जमलं. मग मागच्या शनिवारी रात्रीची लाईट होती, पहाटे पावणेपाचला आम्ही तिघं आणि दोन मोटरवाले बॅटरी घेऊन नाल्यावर. थंडी होती, पाण्यावर धुकं. वरच्या पुलाखाली, म्हणजे गटार मिळायच्या आधी, बाटली भरली, औषधं घातली, उलटसुलट केली आणि लगेच तपकिरी साका. थेंब मोजले, ५.८. पाणी २१ अंश. मग गटाराच्या खाली अर्धा किलोमीटरवर आलो. तीच बाटली, तीच औषधं, तोच हात. साका पांढरा. पुतणी म्हणाली औषध कमी पडलं असेल, दुसरी बाटली भरली. पांढरा. बॅटरीच्या उजेडात ती बाटली ताकासारखी दिसत होती. एक मोटरवाला काका आहेत, वय सत्तरच्या पुढे, त्यांनी बाटली हातात घेतली, हलवून बघितली आणि विचारलं, म्हणजे यात जीवच नाही का? मी म्हटलं नाही. ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. लहानपणी याच जागी धोतराने मासे धरले होते असं सांगत होते.

खाली डोहाशी पहाटे १.६ आणि त्याच दिवशी दुपारी तीनला त्याच जागी ७.२. केमिस्ट्रीवाल्या ताई, तुम्ही म्हणालात तसंच. आम्ही चार महिने दहाला जाऊन या दोन्हींच्या मधलंच काहीतरी बघत होतो.

पाटकरी बाबा, लिंबू सोडलं. रुंदी १.२ मीटर, खोली सरासरी १५ सेंटीमीटर, १० मीटरला ४० सेकंद. तुमच्या हिशोबाने सेकंदाला ३८ लिटर, दिवसभर असंच धरलं तर ३३ लाख लिटर. गुरुजींनी कागदावर मांडलं की माणशी ८० ते १०० लिटर सांडपाणी धरलं तर हे तीस-चाळीस हजार लोकांचं होतं. वरच्या गावाची वस्ती तेवढीच आहे. अख्खं गाव आमच्या नाल्यात उतरतंय हे असं आकड्यात कोणी कधी मांडलं नव्हतं.

पाणीवाली ताई, किट खरंच ग्रामपंचायतीच्या कपाटात होतं, पण बाटल्यांची मुदत संपलेली. आशाताईंनी नवीन मागवल्यात, आल्या की नाल्याकाठच्या पाच हापशांना लावणार.

अर्ज गुरुजी लिहितायत. घाई करत नाही, पहाटेचे निदान सहा आकडे हातात आले की देऊ, पोच घेऊनच. वरच्या गावाला नळ चार दिवसाआड येतो असं कळलंय, पुढची पाळी गुरुवारी. त्या दिवशी पहाटे पाचपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला लिंबू सोडायचं ठरलंय, दोघांदोघांच्या पाळ्या लावल्यात. पहिली पाळी त्या काकांनी मागून घेतलीय, म्हणाले लिंबं घरच्या झाडाची आणतो.

गुरुवारचे आकडे रात्री इथेच टाकतो.